हसण्याचा शॉट

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास अझीम धायरीला निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत एक हार्डडिस्क होती, पाण्याची बाटली होती आणि अम्मीने बळेच कोंबलेला डबा होता. काम म्हणाल तर तासाभराचं. एका बाईचा हसरा फोटो बनवून घ्यायचा होता. बनवून, हं, काढून नव्हे. बाई जाऊन वर्ष होत आलं होतं.

एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. सिंहगड रस्त्यावर नेहमीची कोंडी होती, आणि पुढचा रिक्षावाला दर दोन मिनिटांनी मागे वळून अझीमकडे असा बघत होता, जणू हा रस्ता यानेच खोदून ठेवलाय. अझीमचं लक्ष नव्हतं. जे करायला निघालोय ते बरोबर आहे का, हा प्रश्न त्याने घरातून निघतानाच बाजूला ठेवला होता. प्रश्न मात्र स्कूटरवर मागे बसून आला होता.

तर ही बाई कोण, ते आधी सांगतो. शालनमावशी. येरवड्यात राहायची. तीस-पस्तीस वर्षं नाटकांत, सिनेमांत, मालिकांत लहानसहान कामं केली. गर्दीतली म्हातारी, दवाखान्यातली म्हातारी, आणि सगळ्यात जास्त वेळा मेलेली म्हातारी. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. श्वास असा धरायची की छाती हलायची नाही. एकदा नाकावर माशी बसली, तरी बाईने पापणी हलवली नाही, आणि शॉट संपल्यावर त्या माशीला अशी शिवी हासडली की सगळं युनिट पोट धरून हसलं.

आता सिनेमावाल्यांचा एक रिवाज तुम्हाला ठाऊक नसेल. ज्याने मेलेल्याचं काम केलं, त्याला तसाच उठवून घरी पाठवत नाहीत. शॉट संपला की तिथेच, त्याच तिरडीवर त्याला उठवून बसवायचं, कॅमेरा चालू ठेवायचा आणि त्याला हसवायचं. कॅमेऱ्याने त्याचं शेवटचं बघितलेलं तोंड मेलेलं असू नये, एवढंच. ते हसणं सिनेमात लागत नाही, कुणी बघतही नाही. पण घेतात. भले भले दिग्दर्शक घेतात, वर तोंड करून 'माझा विश्वास नाही' म्हणत घेतात.

"सत्तावीस वेळा मेलेय मी," मावशी सांगायची, "आणि सत्तावीस वेळा हसून उठलेय."

अठ्ठाविसावी वेळ समाधानच्या सिनेमात आली.

समाधान तिच्याच गल्लीतला. तिच्या हातचं खाऊन वाढलेला, तिनेच पहिल्यांदा नाटकाच्या तालमीला नेलेला. चार वर्षं दारोदार फिरून त्याने हा सिनेमा उभा केला होता. म्हातारी मरते आणि तिच्या प्रेताभोवती घरचे दिवसभर भांडत बसतात, अशी गोष्ट. युनिट म्हणजे सात माणसं. कॅमेरा अझीमचा. खराडीच्या कंपन्यांमधे 'आम्ही एक कुटुंब आहोत' असल्या फिल्मा करून तो विटला होता. तिथे गळ्यात पट्टे अडकवलेल्या पोरापोरींना हसा, हसा म्हणायचं, आणि त्यांचं ते ओढूनताणून आणलेलं हसू दहा-दहा वेळा टिपायचं. त्यातून सुटायचा हाच एक रस्ता होता. हा त्याचा पहिला सिनेमा.

पर्वतीच्या पायथ्याला एका बैठ्या घरात शूटिंग होतं. तिरडीचा शॉट वरून घ्यायचा होता. प्रकाश लावायला तास जाणार, तेवढा वेळ सदुसष्ट वर्षांच्या बाईला बांबूवर कशाला झोपवायचं, म्हणून तिच्या जागी दुसरं कुणीतरी झोपायला हवं होतं. बाकी सगळ्यांचे हात गुंतलेले. शेवटी अझीम स्वतःच झोपला, अंगावर पांढरी चादर घेतली, आणि समाधानने कॅमेऱ्यातून बघितलं. मावशी शेजारी उभी राहून बडीशेप चघळत होती. कमरेला कायम बडीशेपेची डबी असायची तिच्या, भाजलेली, वासावरून बाई आल्याचं कळायचं.

"झोपलास का रे तिरडीवर?" ती म्हणाली. "मग आता तुझाही घ्यावा लागेल. हसण्याचा शॉट."

"मी काय आर्टिस्ट आहे का मावशी?"

"तिरडीला काय कळतंय, कोण आर्टिस्ट आणि कोण कॅमेरामन."

अझीम हसला नाही. तो वरच्या दिव्याकडे बघत होता, सावली कुठे पडतेय ते. उठला, चादर झटकली आणि कामाला लागला.

मावशीचा शॉट एका दमात झाला. एक मिनिट बारा सेकंद. मग मावशी उठून बसली, नाकातला कापूस काढला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "घ्या रे माझं हसणं."

खिडकीतून येणारं ऊन दहा मिनिटांत जाणार होतं. पुढचा शॉट त्याच उन्हात हवा होता, त्यासाठी कॅमेरा खाली, समोर आणूनही झाला होता. समाधानचं डोकं फिरलं. "मावशी, बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण. माझ्या सेटवर नारळ फुटला नाही, मुहूर्त झाला नाही, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?"

"मी कुठं देवाला हात जोडतेय?" मावशी शांतपणे म्हणाली. "भांडी घासून झाल्यावर आपण ओटा पुसतो ना, तसं आहे हे. काम झालं की आवरून ठेवायचं. घे, वेळ किती लागतोय?"

समाधानने तिच्या पाठीमागे उभं राहून अझीमला खूण केली. हात वर करून बोटं नुसती हलवली. सेटवर वावरलेल्या कुणालाही ही खूण कळते. नुसतं केल्यासारखं कर, घेऊ नको.

आणि अझीमने तेच केलं. का केलं? मलाही विचारावंसं वाटतं त्याला. बटण दाबायला काय पैसे पडत होते? पण कार्ड भरत आलं होतं, ऊन चाललं होतं, दिग्दर्शकाने सांगितलं होतं, आणि म्हातारीला काय कळतंय, असं त्याला वाटलं. कॅमेऱ्यावर वाकला, बटणापाशी नुसतं बोट नेलं, म्हणाला, "रोलिंग. हसा मावशी."

मावशी हसली. पुढचे दोन दात नसलेल्या तोंडाने, मनापासून, आठ सेकंद. हसताना एकदाच तिची नजर भिंगावरून सरकून बाजूला गेली आणि परत आली. अझीमने ते बघितलं आणि सोडून दिलं.

"झालं का रे?"

"झालं मावशी. उठा."

त्यानंतर अकराव्या दिवशी शालनमावशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेलही. वय झालं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. फक्त समाधान आणि अझीम त्यानंतर एकमेकांसमोर त्या शॉटचं नाव काढेनासे झाले.

आणि चार दिवसांपूर्वी मावशीच्या मुलीचा, सोनालीचा फोन आला. "दादा, येत्या रविवारी आईचा पहिला स्मृतिदिन आहे. भिंतीवर लावायला धड फोटो नाही हो तिचा. सगळ्या फोटोंत रेशनकार्डावर असते तशी बघतेय. शेवटच्या शूटिंगला तिचा हसण्याचा शॉट घेतला होतात ना? त्यातला एक फोटो काढून द्या."

असला शॉट घेतलेलाच नव्हता. तरी तोंडाने 'हो, देतो की' असंच निघालं. सवय दुसरं काय!

अझीमने समाधानला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, सॉफ्टवेअर आलेत आता. मेलेला, झोपलेला कसाही फोटो घाल, हसरा माणूस बाहेर येतो. फैझलकडे जा."

"खोटं नाही का होणार रे?"

"आपण सिनेमाच करतो ना अझीम? मग?"

म्हणून हा धायरीला निघाला होता. आता कळलं ना सगळं?

फैझलचा स्टुडिओ एका बंगल्याच्या तळमजल्यावर होता. सिनेमाचे रंग दुरुस्त करायची खोली. बाहेरचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बुजवलेल्या, भिंती काळपट राखाडी, दाराला जाड पडदा. बाहेर अंगणात डोळे दिपवणारं ऊन, आणि दोन पावलं आत गेलं की स्वतःचा हात दिसायचा नाही. फोन आत न्यायला बंदी, त्यांचा उजेड नडतो. फैझलने दोघांचे फोन बाहेरच्या खोलीतल्या खणात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

"कोणती फ्रेम देऊ भाई?" फैझलने विचारलं.

अझीमने तिरडीवरच्या चेहऱ्याची जवळची फ्रेम काढली. मिटलेले डोळे, नाकात कापूस, गळ्यात झेंडू. फैझलने ती यंत्राला खाऊ घातली आणि खाली लिहिलं, हसरी म्हातारी, डोळे उघडे, समोर बघतेय.

पहिला फोटो आला. बत्तीसच्या बत्तीस दात, टूथपेस्टच्या जाहिरातीतले.

"पुढचे दोन नव्हते," अझीम म्हणाला.

फैझलने ते काढले. दुसरा फोटो आला, तिसरा आला. हसू जमत आलं होतं. चौथ्याला फैझल खुर्चीत पुढे सरकला. "भाई, एक बात बघा. सगळ्या फोटोंत नजर तिरकी जातेय हिची."

खरंच जात होती. तोंड समोर, हसू समोर, आणि डोळे भिंगाच्या जरा डावीकडे, किंचित खाली. चारही फोटोंत त्याच एका ठिकाणी.

"समोर बघ असं लिही ना."

"लिहिलंय की. तीनदा लिहिलंय." त्याने परत केलं. पाचवा, सहावा, आठवा. नजर तिथेच. "आणि हे बघा, उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका टाकतोय दर वेळी. आपण तर डोळे मिटलेला फोटो दिलाय. याला कुठून कळलं?"

मावशीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तसा ठिपका राहिला होता. अझीमला ते ठाऊक होतं. ती कुठे बघत होती तेही त्याला कळलं होतं. अझीमच्या कॅमेऱ्याला भिंगाच्या बाजूला, जरा खाली, एक बारीक लाल दिवा आहे. शॉट चालू असला की लागतो.

"हाताने कर सरळ," तो म्हणाला.

फैझलने डोळे कापले, सरळ बसवले, फोटो पेनड्राइव्हवर घालून दिला. मग घड्याळ बघून उठला. "चला. जुम्म्याची नमाज आहे, दीड वाजतोय."

"तू हो पुढे. मूळ शॉटशी रंग एकदा ताडून बघतो."

"जुम्मा आहे भाई."

"माहितीय रे."

फैझल खांदे उडवून गेला. जाड पडदा पडला, बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला, आणि अझीम त्या अंधारात एकटा उरला. एसी घुमत होता. पडद्यावर मावशी तिरडीवर झोपली होती.

त्याने शॉट सुरू केला. हा शॉट त्याने शंभरदा बघितला असेल. कोपऱ्यातले आकडे पळत होते. खिडकीतून पडणारं ऊन, चादरीच्या घड्या, शेवटी वाऱ्याने हलणारी हाराची एक पाकळी, की संपला. एक मिनिट दहा. अकरा. बारा.

तेरा.

अझीमचा हात माऊसवरच राहिला. चौदा... पंधरा... आकडे पळतच होते.

आता कॅमेरा वरून बघत नव्हता. समोरून बघत होता. तिरडीवर मावशी सावकाश उठून बसली. नाकातला कापूस काढला. पदर सारखा केला. खोलीत भाजलेल्या बडीशेपेचा वास आला, हलका, कुणी शेजारी डबी उघडावी तसा, आणि त्याच्याखाली शिळ्या झेंडूचा.

त्याने थांबवायचं बटण दाबलं. थांबलं नाही. परत दाबलं.

मावशीने भिंगाकडे बघितलं, हसू तोंडावर आणलं. मग तिची नजर डावीकडे, किंचित खाली गेली. हसू तसंच अर्ध्यात थांबलं.

आणि ती थांबून राहिली. दोन मिनिटं झाली, तीन झाली. हातपाय हलवले नाहीत, तक्रार नाही. आयुष्यभर सेटवर कोपऱ्यात बसून आपली पाळी यायची वाट बघितलेली बाई ती, तिला थांबायचं काय अवघड? पण हे बघणाऱ्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, त्या थंड खोलीत.

"लावलास का रे..." मावशी म्हणाली. आवाज स्पीकरमधून आला नाही. कुठून आला ते अझीमला सांगता आलं नाही. "दिवा... लावलास का रे अझीम?"

खरं बोलायची वेळ होती. अहो, याहून दुसरी कुठली असते? खोलीत तिसरं कुणी नव्हतं, समाधान नव्हता, ऊन जायचं नव्हतं. 'नाही लावला मावशी, माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडून वर्षभर मुरलेलं खोटंच बाहेर पडलं.

"हो मावशी... लावला."

तिने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं. "बरं," ती म्हणाली.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. वळून तिरडीवरची चादर दोन्ही हातांनी झटकली, नीट पसरली, उशाकडची बाजू दुमडली. अंथरूण घालतात तसं. आणि फ्रेमच्या बाहेर चालत गेली. रिकामी तिरडी समोर राहिली, नुकतीच घातलेली.

पडदा सरकला. उजेडाची पट्टी आत आली, फैझल दारात उभा होता, डोक्यावर टोपी तशीच. अझीमने दचकून पडद्याकडे बघितलं. मावशी तिरडीवर झोपली होती, डोळे मिटून. एक मिनिट बारा.

"काय भाई, रंग जमला?" फैझल म्हणाला आणि थबकला. नाक वर करून हुंगलं. "बडीशेप खाल्ली का?"

अझीमने खणातून फोन घेतला, बघितलाही नाही, खिशात टाकला आणि तिथून निघाला. डबा स्टुडिओतच राहिला.

आता कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर तरी या माणसाने तो पेनड्राइव्ह नदीत टाकला असेल. छे! वाटेत दोन ठिकाणी चहा प्याला, दोन्ही वेळा स्वतःला समजावलं. अंधार होता, उपाशी होतो, अपराधी मन असलं की भलतंसलतं दिसतं. सोनालीला फोटो दिला की विषय संपला. ती खूश होईल, भिंतीवर आई हसेल, आपण सुटू. पाचच्या सुमारास तो येरवड्यात तिच्या दाराशी उभा होता.

सोनाली खराडीत एका कंपनीत नोकरीला. त्या दिवशी घरूनच काम करत होती. कानातला हेडफोन काढून तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि त्याच्या खाली एक नवा खिळा, रिकामा.

अझीमने पेनड्राइव्ह पुढे केला. "हा घे. आईचा फोटो."

"आता हा कशाला?" सोनाली म्हणाली. "दुपारी पाठवलात की तुम्ही."

"काय पाठवलं?"

"आईचा शॉट. हसण्याचा." ती समोर बसली. आज तिच्या आवाजात वेगळाच मऊपणा होता. "दादा, एक सांगू? रागावू नका. तुमची माफी मागायचीय मला. आई त्या दिवशी शूटिंगवरून आली ना, तेव्हा जेवताना म्हणाली होती, 'दिवा लागलाच नव्हता गं. नुसतं केल्यासारखं केलं पोरांनी.' मी म्हटलं, मग बोललीस का नाहीस? तर म्हणे, 'थकली होती बिचारी. आणि चारचौघांत त्यांना खोटं पाडायचं? मी हसले. आपलं काम आपण करायचं.'"

म्हातारीला कळलं होतं. तेव्हाच, तिथेच कळलं होतं, आणि तरी ती आठ सेकंद मनापासून हसली होती.

"मग... तू मागितलास कशाला माझ्याकडे?"

"बघायचं होतं, तुम्ही काय करता ते. खरं बोलता, की काहीतरी बनवून आणून देता." सोनाली ओशाळून हसली. "वर्षभर शिव्या घातल्या हो मी तुम्हाला मनातल्या मनात. आणि आज दुपारी तो शॉट आला, आणि मी रडलेच. म्हटलं, आईचंच चुकलं असणार, नजर अधू झाली होती तिची. किती हसलीय बघा."

तिने फोन पुढे केला. अझीमच्याच नंबरावरून आलेला निरोप. वेळ एक वाजून बावन्न मिनिटं. त्या वेळी त्याचा फोन फैझलच्या कुलपात होता. त्याने आपला फोन काढून बघितला. त्यावरून असं काहीच गेलेलं नव्हतं.

सोनालीने क्लिप चालू केली. आठ सेकंद. शालनमावशी हसत होती, पुढचे दोन दात नसलेल्या तोंडाने, उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका, नजर सरळ भिंगात. ती तिरडीवर बसली नव्हती. तिरडीच्या पुढे उभी होती.

"आणि मागे तुम्ही झोपलायत की," सोनाली म्हणाली. "गंमत करत होता ना?"

तिच्या मागे तिरडीवर अझीम झोपला होता. छातीपर्यंत पांढरी चादर, उशाकडे दुमडलेली. गळ्यात झेंडूचा हार, नाकात कापूस. त्या दिवशी प्रकाश बघायला झोपला तेव्हा त्याच्या गळ्यात हार नव्हता, नाकात कापूस नव्हता. आणि अंगात होता तो शर्ट त्याचा तेव्हाचा नव्हता. आज सकाळी अम्मीने इस्त्री करून दिलेला, आत्ता अंगावर असलेला, निळा चौकड्यांचा शर्ट होता तो.

आठ सेकंद संपले. क्लिपमधला अझीम उठला नाही.

"तुमचाही घेतला की नाही हसण्याचा शॉट?" सोनालीने सहज विचारलं. "आई सोडायची नाही कुणाला."

एकदम बांध फुटल्यासारखं अझीमच्या तोंडून सगळं बाहेर आलं. "सोनाली, आईचं चुकलं नव्हतं. दिवा लागला नव्हता. समाधानने खूण केली आणि मी... मी बटण दाबलंच नाही. ही क्लिप मी पाठवली नाही, माझ्याकडे असली क्लिप नाहीच. या पेनड्राइव्हमधे आहे ते यंत्राने बनवलेलं आहे. मला माफ कर. पण माझा एक शॉट घे. आत्ता. तुझ्या फोनवर घे, कशावरही घे. मी हसतो. माझं तेवढं एक घे."

सोनाली बघत राहिली. तिच्या तोंडावरचा मऊपणा हळूहळू निघून गेला. वर्षभर हेच ऐकायला थांबली होती ती, आणि ऐकलं तेही असं, या माणसाची पाचावर धारण बसल्यावर.

मग तिने फोन उचलला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "हसा," ती म्हणाली.

अझीम हसला. भिंतीला टेकून, घामेजल्या तोंडाने, जमेल तेवढं हसला. हसताना त्याची नजर दिवा शोधत होती. फोनच्या पाठीला कसला आलाय तसला लाल दिवा. काळं भिंग तेवढं होतं, आणि त्यामागे सोनालीचे आईसारखे शांत डोळे.

"झालं," ती म्हणाली.

"घेतलास ना? बघू?"

"आईने मागितला होता का बघायला?" सोनालीने फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि हेडफोन कानात घातला. "या आता. मीटिंग आहे माझी."

अझीम जिना उतरून खाली आला. इमारतीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, दारावर सीसीटीव्ही. तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि हसायला लागला. दुकानदाराने दोनदा विचारलं, "काय देऊ?" तरी हसतच राहिला. कॅमेऱ्याच्या कडेला बारीक दिवा होता, पण समोरून तिरपं ऊन येत होतं, आणि तो लागलाय की नाही ते त्याला दिसत नव्हतं.